लेल्ला अल्जियाचं पाणी

हनियाच्या दारात कुणी मेणबत्त्या घेऊन आलं की तिचं डोकं फिरायचं. "मला मेणबत्त्या खाता येत नाहीत," असं ती मला म्हणायची. आलेल्या बाईला मात्र असं कधी बोलली नाही. मेणबत्ती घ्यायची, बाईला आत बसवायची, सातूची पेज पुढे ठेवायची. निघताना ती बाई वाकून हनियाच्या खांद्याचं चुंबन घ्यायची, तेव्हा हनिया भिंतीकडे बघत उभी राहायची. संताच्या लेकीचा खांदा होता ना तो! त्या खांद्याला ओझं उचलायची किती हौस आहे, हे कुणी विचारलं नाही.

मी सासिया. हनियाचं आणि माझं घर शेजारीशेजारी, मध्ये एक अंजिराचं झाड आणि एक पडकी भिंत. लग्न असो, सुंता असो, मयत असो की उरूस, आमच्या गावात मोठं भांडं चुलीवर चढतं ते माझ्याच हाताने. त्यामुळे माणसं काय बोलतात यापेक्षा ती काय खातात आणि काय बाजूला सारतात, याकडे माझं जास्त लक्ष असतं. हनियाची गोष्ट मीच सांगितलेली बरी. दुसरं कुणी सांगायला बसलं तर ते तिच्या आईचीच सांगेल, आणि हनिया पुन्हा मागच्या मागे राहील.

पण आईची थोडी सांगावीच लागेल.

आमच्या बेटांभोवतीचा समुद्र उथळ. ओहोटीला कितीही आत चालत गेलात तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही. म्हणून आम्ही समुद्राला कुंपण घालतो. खजुरीच्या झावळ्या तळात ओळीने रोवायच्या, ओहोटीबरोबर माघारी फिरणारी मासळी त्या कुंपणाला अडते, त्याच्या कडेकडेने सरकत टोकाच्या कोठडीत शिरते आणि तिथल्या विणलेल्या सापळ्यांत सापडते. याला म्हणायचं शर्फिया. कुणाची शर्फिया कुठल्या पाण्यात हे पणजोबांपासून ठरलेलं. शेत वारशाने येतं तसंच आमच्याकडे पाणी येतं. उन्हाळा संपला की रोवणी, आणि रोवणीला कुणाला बोलवावं लागत नाही. ज्याची रोवणी असेल त्याच्याकडे आळीतले पुरुष आपणहून झावळ्या खांद्यावर टाकून जातात, आणि तो त्यांना दुपारी जेवायला घालतो. न जाणं म्हणजे त्या माणसाला वाळीत टाकणं.

अल्जियाचा नवरा स्पंज काढायला गेलेल्या होडीबरोबर बुडाला तेव्हा हनिया अंगावर पीत होती. दीर म्हणाले, पाणी खंडाने देऊन टाक. अल्जियाने लाल लुगड्याचा काचा मारला आणि स्वतः पाण्यात उतरली. बाईचा पाय शर्फियात पडला की मासळी त्या पाण्याला पाठ फिरवते, असं आमच्याकडे मानायचे. रोवणीला एकही माणूस आला नाही. तिने एकटीने रोवलं. कुणीतरी ते उपटून टाकलं. तिने पुन्हा रोवलं, तेही उपटलं. तिसऱ्यांदा उपटायला कुणाचा हात धजला नाही, की कंटाळा आला, देव जाणे.

किनाऱ्यावर बायका शिंपले वेचत असायच्या. त्यांत मन्नूबियाची जीभ सगळ्यात लांब.

"अगं अल्जिया, नवरा समुद्राने नेला, आता लाजही त्यालाच देऊन टाकलीस काय?"

"लाज तुझ्यापाशी ठेवलीय, मन्नूबिया," अल्जिया पाण्यातूनच ओरडली. "संध्याकाळी परत नेईन. तोवर नीट सांभाळ, खरकटा हात लावू नकोस."

तिचा मासा बेटावर कुणी घेत नव्हतं. तो फेरीबोटीने पलीकडे स्फाक्सच्या बाजारात जायचा, कारण तिथे मासा आपल्याला कुणी धरलं ते सांगत नाही. तेव्हा माझी आई गावचं रांधायची. लग्नाच्या भांड्यात अल्जियाचा मासा पडला तर नवरीला अपशकुन, म्हणून आई तिच्या दाराकडे फिरकायचीसुद्धा नाही. ही मोठी माणसं वाईट नव्हती. घाबरट होती, आणि चारचौघांत असली की जास्तच घाबरट.

वर्षं गेली. अल्जियाचं कुंपण दर शरदात उभं राहिलं आणि मासळीने काही पाठ फिरवली नाही. मग राजधानीतून कॅमेरा घेऊन दोन बायका आल्या. हातात लांब काठी, कमरेला खोचलेलं लाल लुगडं, मागे पांढरंफेक पाणी, असा अल्जियाचा फोटो कॅलेंडरवर छापून आला. ते कॅलेंडर शाळेत लागलं, फेरीबोटीवर लागलं, हळूहळू घराघरांत लागलं. ज्यांनी तिच्या झावळ्या उपटल्या त्यांच्याही घरात लागलं असणार. बाहेरचं कुणी आलं की आमचे पुरुष छाती काढून म्हणायचे, "ही आमची अल्जिया." अल्जियाने तो फोटो पाहिला आणि एवढंच म्हणाली, "काठी उलटी धरायला लावली होती मला त्यांनी."

रोवणीला तेव्हाही कुणी येत नव्हतं.

ती गेली वसंतात, अंथरुणाला न खिळता. मेलेल्या माणसाची शर्फिया वर्षभर रोवायची नाही, अशी आमची रीत. हनियाने ती पाळली. आणि इथे आमच्या गावाने ती चूक केली, जी आमचंच गाव करू शकतं. वर्षभर कुंपण नाही, सापळे नाहीत, म्हणजे त्या पाण्यात मासा माजणारच. ओहोटीला शिंपले वेचणाऱ्या बायकांनी बघितलं तर बोय मासे पाण्याबाहेर उड्या घेतायत, चांदीसारखे चकाकतायत. आजूबाजूच्या पाण्यात काही नाही, फक्त अल्जियाच्या पाण्यात. कुणीतरी म्हणालं, बरकत. कुणाच्या तरी सुनेने त्या पाण्यात ओढणी बुडवली आणि तिला दिवस गेले. झालं! साधी अल्जिया आता संतीण, लेल्ला अल्जिया झाली. तिच्या कबरीवर घुमट उठला, चुना लागला, हिरवं निशाण लागलं. फेरीबोटीच्या तिकीटघरातून निवृत्त झालेला हमूदा दर्ग्याची किल्ली कमरेला लावून फिरायला लागला. होड्या त्या पाण्याजवळून जाताना शीड उतरवायला लागल्या. दर्ग्याच्या जाळीला पहिली चिंधी बांधली ती मन्नूबियाने.

मी हमूदाला म्हटलं, "अरे, वर्षभर कुणी मासा धरला नाही तर तो वाढणार नाही तर काय करणार?"

"सासिया," तो डोळे मिटून म्हणाला, "तू आपली भांडी बघ."

भांडी मी बघतेच. पण भांड्यात काय पडतं तेही बघते.

वर्ष सरलं. हनियाने झावळ्या आणल्या. तिचा नवरा तय्यब सापळे विणायला बसला. त्याच्या डोळ्यांवर तेव्हाच पडदा चढायला लागला होता, पण बोटं चांगली होती. रोवणीच्या आदल्या दिवशी हमूदा आणि गावातली चार वडीलधारी माणसं तिच्या दारी आली. मी भिंतीपलीकडे अंजीर वेचत होते, म्हणजे ऐकतच होते.

"हनिया बेटी," हमूदा फार गोड आवाजात म्हणाला, "ते तुझ्या आईचं पाणी आहे. तिथे पाय ठेवायचा नसतो."

"माझ्या आईने जन्मभर तिथेच पाय ठेवला, काका."

"ती लेल्ला होती."

"पाय ठेवला म्हणूनच लेल्ला झाली ना?"

"ते खरं, बेटी. पण तू लेल्ला आहेस का?"

हनियाने हातातली झावळी खाली ठेवली. मी तिथे असते तर त्यांच्या अंगावर अंजिराची टोपली रिकामी केली असती. पण मी भिंतीपलीकडे होते, आणि हनिया माझ्यासारखी नाही. ती लहानपणापासून आईच्या मागे ओल्या झावळ्या वाहत वाढली, तोंड मिटून काम करायची तिची सवय. वडीलधाऱ्यांनी तिला दर्ग्याच्या दारात बसायचं सुचवलं. नवसाचं येईल त्यात तिचा वाटा. तिने तेवढं मात्र नाकारलं.

मग कितीतरी वर्षं तिने दुसऱ्यांची कामं केली. ऑक्टोपस आपटून मऊ करायचे, दोरीवर वाळत घालायचे, शिंपले वेचून व्यापाऱ्याला द्यायचे. तय्यबला दिसायचं जवळजवळ बंद झालं. त्यांचं घर समुद्राला लागून, आणि समोर त्यांचं स्वतःचं पाणी, माशांनी भरलेलं. ओहोटीला ती दारात उभी राहून त्या पाण्याकडे बघायची. त्या वेळी मी तिला हाक मारायचं टाळायचे.

गावात मुलगी जन्मली की नाव अल्जिया. एका आळीत हाक मारली तर चार दारं उघडायची. आणि त्यांच्या आया दिवसभर काय ओरडायच्या? "अल्जिया, होडीतून खाली उतर! अल्जिया, काठी ठेव, ते मुलींचं काम नाही!" मला हसूही यायचं आणि संतापही. हनियाला नुसता संताप यायचा.

दर वसंतात लेल्लाचा उरूस. ढोल आणि सनईसारखा झुरना, मेणबत्त्या, आणि दुपारी सगळ्या गावाला कुसकुस, म्हणजे सातूचा वाफवलेला रवा. मासा यायचा स्फाक्सहून. तिथला एक बर्फवाला व्यापारी नवस म्हणून पेट्या पाठवायचा, आणि नवसाच्या माशाला नाक मुरडायची सोय नसते. त्या वर्षी हनिया माझ्यासोबत मासे साफ करायला बसली होती. एका माशाचं पोट फाडलं आणि तिने तो नाकापाशी धरला.

"शिळा आहे," ती म्हणाली.

"लिंबू जास्त पिळते. कुणाला कळणार नाही."

"सासिया, आईच्या उरुसाला शिळा मासा?" तिने तो मासा माझ्यापुढे धरला. "ज्या बाईने ताज्याशिवाय मासा कधी घरात आणला नाही, तिच्या नावाने गाव बर्फातला मासा खातंय. आणि तिचा समुद्र तिथे समोर पडलाय."

तिने सुरी खाली ठेवली.

"पुढच्या उरुसाला मासा मी देणार."

"कुठून?"

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. वडीलधाऱ्यांनी मला चुलीवरून उठवलं असतं तर मी काय केलं असतं?

"तू रांधशील का?" तिने विचारलं.

"मासा ताजा असेल तर मी सैतानाचासुद्धा रांधते," मी म्हटलं. बोलून गेले खरी.

त्या शरदात एका सकाळच्या ओहोटीला हनिया लेल्लाच्या पाण्यात उतरली. तय्यब तिच्या मागे, एक हात तिच्या कमरेच्या दोरीला आणि दुसऱ्या काखेत झावळ्यांची मोळी. ती खड्डा करायची, हात मागे करायची, तो झावळी हातात द्यायचा. किनाऱ्यावर अख्खं गाव जमलं. बायका तोंडावर पदर घेऊन उभ्या होत्या. हमूदा किल्ली हातात धरून येरझाऱ्या घालत होता.

"कुणीतरी जाऊन उपटा ते!" तो म्हणाला.

कुणी हललं नाही. मला क्षणभर कळेना, मग लक्षात आलं आणि मी पदरात तोंड खुपसून हसले. उपटायचं तर त्या पवित्र पाण्यात पाय टाकावा लागणार! अल्जियाच्या झावळ्या उपटणारे हात किनाऱ्यावर खाली लोंबत होते. हमूदाही चपला न भिजवता परत फिरला. लेल्ला स्वतःच शिक्षा करील, असं ठरलं.

मदतीला कोणी आलं नाही, ते वेगळं सांगायला नको. मीही गेले नाही. माझा गुडघा दुखतो असं मी म्हटलं, आणि तो खरंच दुखतो.

कुंपणाला दोन बाजू लागतात, दोघांच्या हातून एकच झाली. मग वाऱ्याने तीही अर्धी आडवी केली. गाव म्हणालं, बघा. हनियाने ती पुन्हा उभी केली. कुंपण एका अंगाचं, म्हणून मासळीही बेताची. पण जी येत होती ती अशी, की मी तोंडात बोट घातलं. तिच्याकडून मासा कुणी घेत नव्हतं. मेणबत्त्या येणं बंद झालं. खांद्याचं चुंबन घेणं बंद झालं. विहिरीवर ती गेली की बोलणं थांबायचं.

"मेणबत्त्या थांबल्या ते एक बरं झालं," ती मला म्हणाली. आणि मग माझ्या स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून हुंदके देऊन रडली. "आईने हे कसं सोसलं ग, सासिया? मला वाटायचं तिला काही लागतच नाही. मला वाटायचं ती तशीच घडवलेली होती."

मी तिला जवळ घेतलं. अल्जिया कशाची बनली होती ते मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की तीही कुठल्यातरी पाटावर बसून रडली असणार, आणि ते कुणी कॅलेंडरवर छापलं नाही.

उरूस आला. सकाळी हनिया दोन टोपल्या भरून बोय घेऊन माझ्या चुलीपाशी आली. अजून तडफडत होते. व्यापाऱ्याच्या पेट्या मी सावलीत सरकवून ठेवल्या.

"हे बघ," मी तिला म्हटलं, "मी रांधते, तू गप्प बस. खाऊन झालं की मग सांगू. पोटात गेलेलं कुणी बाहेर काढत नाही."

"नाही. लपवून नाही घालायचं."

"अगं, सांगितलंस तर कुणी हात लावणार नाही. माझं भांडं भरलेलं परत येईल. माझं भांडं आजवर कधी परत आलेलं नाही, हनिया!"

"आईचा मासाही लोक स्फाक्सला खातच होते," ती म्हणाली. "कुणाचा ते न कळता."

मी कांदा परतायला घेतला.

दर्ग्यासमोरच्या अंगणात चटया पसरल्या. लाकडी परातींत कुसकुसचे ढीग, त्यावर रस्सा, त्यावर अख्खे मासे. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, आणि बायकांच्या पुढे, दाराशी, मन्नूबिया आजी. आता तिला दात नव्हते आणि धड दिसतही नव्हतं, पण पहिली चिंधी बांधणारी म्हणून तिचा मान मोठा. बिस्मिल्ला म्हणून हात पुढे आले, आणि हनिया अंगणाच्या मधोमध उभी राहिली. ती चारचौघांत बोलल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

"हा मासा लेल्लाच्या पाण्यातला आहे," ती म्हणाली. "मी धरलाय."

हात जिथल्या तिथे थांबले. ढोलवाल्याने ढोल खाली ठेवला.

"तौबा!" हमूदा उठून उभा राहिला. "संताच्या घरात चोरी! आणि तीही संताच्या लेकीने! आणि सासिया, तू हे शिजवलंस?"

"मीठ बरोबर पडलंय का तेवढं सांग," मी म्हटलं.

हनियाने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती बायकांकडे वळली.

"तुम्ही माझ्या आईकडे मुलगा मागता, पाऊस मागता, नवऱ्याची नोकरी मागता. माझी ना नाही, मागा. पण तिने तुमच्याकडे जन्मभर एकच गोष्ट मागितली. रोवणीला या म्हणाली. ती कॅलेंडरवर आली तेव्हाही तुम्ही आला नाहीत. म्हातारी झाली, पाठीत वाकली, तेव्हाही ती आणि मीच होतो. आता मी मागतेय. मला लेल्ला व्हायचं नाही. मला माझं पाणी हवंय, आणि माझ्यासोबत रोवायला माणसं हवीत. आणि या अंगणात पळणाऱ्या एवढ्या अल्जिया आहेत, त्यांतली एक तरी काठी धरू दे."

काही पुरुष उठून गेले. चपलांचा आवाज अजून माझ्या कानांत आहे. परातीतली वाफ कमी व्हायला लागली होती आणि मला फक्त तेवढंच दिसत होतं, सांगायला लाज कशाला. थंड कुसकुसचे गोळे होतात.

मग मन्नूबिया आजीने हात पुढे केला. चाचपत चाचपत तिने परातीतला सगळ्यात मोठा मासा ओढला.

"याचे काटे कुणीतरी काढून द्या ग," ती म्हणाली. "मला दिसत नाही."

बाजूच्या बाईचा हात पुढे येईना. म्हणून हनियाच खाली बसली आणि काटे काढून एकेक घास म्हातारीच्या तोंडात घालायला लागली. मन्नूबिया हिरड्यांनी चघळत राहिली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"अल्जियाच्या हातचा मासा मी खाल्ला नाही," ती म्हणाली, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "रोज मासा घेऊन माझ्या दारावरून जायची. वास यायचा. घरात पोरं उपाशी असायची तरी मी घेतला नाही. आणि ती मेल्यावर चिंधी बांधायला मीच पहिली. चिंधीला काय लागतं?" तिने पुन्हा तोंड उघडलं. "दे अजून."

मग तिच्या सुनेने हात घातला. मग तिच्या पलीकडच्या बाईने. पुरुषांतल्या निम्म्यांनी खाल्लं, निम्म्यांनी नुसतं कुसकुस चिवडलं. हमूदाने रस्सा घेतला आणि मासा बाजूला सारला, आपलं कुठलंच बोट भिजलं नाही असं दाखवत. दोन पराती माझ्याकडे अर्ध्या भरलेल्या परत आल्या. मला वाईट वाटलं, पण जेवढं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही.

दर्गा अजून आहे. चुना दरवर्षी लागतो, चिंध्या येतात, हमूदाची किल्लीही आहे. ज्या घरांनी त्या दिवशी मासा बाजूला सारला त्यांतली काही अजून हनियाशी बोलत नाहीत. पण पुढच्या रोवणीला बायका आल्या. फार नाही आल्या, चारपाच. मन्नूबियाची सून आली आणि तिने आपली अल्जिया बरोबर आणली. मीही गेले, गुडघ्यासकट. मन्नूबिया आजी किनाऱ्यावर बसून, काही दिसत नसताना, "वाकडं रोवताय, वाकडं!" म्हणून ओरडत होती. दुपारचं जेवण हनियाने घातलं आणि मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. कुसकुस जरा गिजकं झालं होतं, पण मी बोलले नाही. त्या वर्षी कुंपणाच्या दोन्ही बाजू उभ्या राहिल्या.

त्याच हिवाळ्यातली गोष्ट. मी मसूर निवडत होते आणि समुद्राकडून आरडाओरडा ऐकू आला. बाहेर येऊन बघते तर शेजारच्या पाण्याचा मालक बशीर आपल्या होडीत उभा राहून हात हवेत फेकतोय, आणि हनिया गुडघाभर पाण्यात उभी राहून तेवढ्याच जोराने ओरडतेय.

"हनिया! तुझं कुंपण माझ्या पाण्यात घुसलंय! माझा मासा पळवतेस, चोर कुठली!"

"चोर तू आणि तुझा आजा! डोळे तपासून घे जाऊन!"

"उपट ते!"

"तू उपटून दाखव! ये खाली, ये!"

पाऊण गाव किनाऱ्यावर मजा बघत होतं. कुणी बशीरच्या बाजूचं, कुणी हनियाच्या. कुणी लेल्लाचं नाव काढलं नाही. भांडण मिटलं नाही ते नाहीच, पण पाणी चढायला लागलं आणि दोघंही आपापल्या घरी गेले.

हनिया तशीच ओल्या कपड्यांनी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. डोळे लाल झाले होते. मला वाटलं बशीरने वर्मी काहीतरी बोलून ठेवलं.

"त्या मेल्याचं काय मनावर घेतेस," मी म्हटलं. "त्याचा बापही असाच भांडकुदळ होता."

"सासिया, तो मला चोर म्हणाला. नाव घेऊन, तोंडावर, सगळ्यांसमोर."

"मग रडू नकोस ना."

"मी रडत नाही ग." ती रडतही होती आणि हसतही होती. "पाण्यावरून आईशी असं कधीच कुणी भांडलं नाही. जिवंत होती तोवर बायका टोमणे मारायच्या, पुरुष न बोलता उपटून टाकायचे, आणि मेल्यावर पाया पडले. बरोबरीने भांडायच्या लायकीची ती कुणाला कधी वाटलीच नाही."

मी तिला कोरडं लुगडं दिलं आणि चहा ठेवला. ती चुलीपाशी सरकून बसली आणि उद्या ओहोटीला बशीरला काय काय सुनवायचं ते मला एकेक करून सांगायला लागली.